कॅरमची पावडर, सोनाराचा काटा आणि नाक्यावरचा सव्वा तास

राणीकव्हर (फोंडा) :

नमस्कार. मी फोंड्यातील एका क्लबात गेली अठरा वर्षे कॅरम खेळतो, अधूनमधून स्पर्धांनाही जातो, आणि या खेळापायी कधी पोलिसांसमोर उभे राहावे लागेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. गेल्या महिन्यात सावंतवाडीला मावसबहिणीच्या मुलीचे लग्न आटोपून मी, माझी पत्नी आणि आई असे तिघे रात्री परतत होतो. सीमेवरच्या एका तपासणी नाक्यावर आमची गाडी बाजूला घ्यायला सांगण्यात आले. कागदपत्रे पाहून सोडतील अशा समजुतीने मी निर्धास्त होतो. डिकी उघडायला सांगितली तेव्हाही मीच हौसेने उतरून ती उघडून दिली.

डिकीत लग्नातले लाडू-चिवड्याचे खोके होते, आईची नऊवारीची पिशवी होती आणि तिच्या मागे, तीन आठवड्यांपूर्वीच्या स्पर्धेनंतर तिथेच विसरून राहिलेली माझी कापडी पिशवी होती. तिच्यातून जे निघाले ते मी क्रमाने सांगतो, म्हणजे माझी अवस्था आपल्या लक्षात येईल. आधी निघाली ती झिपच्या पारदर्शक पिशवीतली सुमारे पाव किलो पांढरीशुभ्र बारीक पावडर. मग निघाला सोनार वापरतात तसला, खिशात मावणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा. मग निघाल्या वीसेक रिकाम्या, बोटभर लांबीच्या झिपच्या पिशव्या. दोन स्ट्रायकर अगदी तळाशी होते आणि ते सर्वांत शेवटी बाहेर आले, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

जे खेळतात त्यांना यातले काहीच चमत्कारिक वाटणार नाही. पावडर म्हणजे सोंगट्या सहज सरकाव्यात म्हणून बोर्डावर टाकायची बोरिक पावडर. नियमाप्रमाणे स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही, आणि बाजारात पंधरा म्हणून विकलेला स्ट्रायकर कधी कधी साडेपंधराच्या पुढे भरतो, म्हणून काटा. सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची असावी लागते; मी चार-पाच जुन्या संचांतून वजने जुळवून नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी असा चांगला संच बनवत होतो, म्हणून वजनवार लावायच्या त्या पिशव्या. पण हे सारे रात्री पावणेअकरा वाजता, टॉर्चच्या उजेडात, डिकीपाशी उभे राहून समजावून सांगायचे म्हणजे काय असते ते मला त्या दिवशी कळले.

शिपायाने पिशवी उजेडात धरून विचारले, “हें कितें?” मी म्हटले, “कॅरमची पावडर.” त्यावर त्याने साहजिकच विचारले, “आनी बोर्ड खंय?” बोर्ड क्लबात होता, आणि ते मी सांगितले तेव्हा माझे मलाच ते उत्तर खोटे वाटले. एवढ्यात मागच्या काचेतून आईने, मला मदत म्हणून, खणखणीत आवाजात सांगितले, “अरे बाबा, आपण कणकेत कालवून झुरळांना घालतो ना, तीच ती.” शिपायाने वळून साहेबांकडे पाहिले आणि साहेब म्हणाले, “म्हणजे विष?”

त्यानंतर सव्वा तास आम्ही तिथे होतो. कोणी अपशब्द वापरला नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. आईला खुर्ची दिली, पाणी दिले. कसल्याशा संचातल्या नळीत चिमूटभर पावडर टाकून पाहिली, कोणाला तरी फोन झाले, आणि अखेर “पावडर नीट डब्यात ठेवत जा” असे सांगून आम्हाला सोडले. मात्र तेवढ्या वेळात त्याच लग्नाहून गोव्याकडे परतणाऱ्या पाहुण्यांच्या पाच गाड्या नाक्यावर वेग कमी करून आमच्या शेजारून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी “काय झाले हो काल?” असे विचारणारे जे फोन सुरू झाले ते आठवडाभर थांबले नाहीत.

माझा प्रश्न असा की, असे निरुपद्रवी सामान गाडीत असताना तपासणी झाली तर नेमके कसे वागावे? झडतीला नाही म्हणता येते का? क्लबाचे पत्र जवळ ठेवले तर उपयोग होतो का? शिवाय ही गाडी माझा पुतण्याही वापरतो. त्या रात्री चाकावर तो असता तर त्या बिचाऱ्याला पिशवीत काय आहे हेसुद्धा सांगता आले नसते, याचीच मला अधिक धास्ती वाटते.

जुना_नाकेदार (पेडणे) :

राणीकव्हरभाऊ, मी आता निवृत्त आहे, पण उमेदीची बरीच वर्षे नाक्यावर काढली आहेत, म्हणून पलीकडच्या बाजूने दोन शब्द लिहितो. आपल्याला राग येईल, पण आपली पिशवी पाहून मीसुद्धा गाडी बाजूलाच घेतली असती. नुसत्या पांढऱ्या पावडरीला आमच्याकडे फारसे कोणी भीत नाही. रांगोळी, विभूती, लहान बाळाची पावडर, देवळातून आणलेले भस्म, गावी जाताना नेलेले तांदळाचे पीठ, असे रोज काही ना काही दिसते. परंतु पावडर, काटा आणि रिकाम्या छोट्या पिशव्या या तीन गोष्टी एकाच ठिकाणी दिसल्या की माल, माप आणि पुड्या असा त्याचा सरळ अर्थ लागतो, आणि तो अर्थ मनात न आणणारा माणूस नाक्यावर ठेवण्याच्या लायकीचा नाही असे मी म्हणेन.

प्रमाणाचाही विचार करा. कोकेनच्या बाबतीत कायद्याने २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण आणि १०० ग्रॅमपेक्षा अधिक ते व्यापारी प्रमाण धरलेले आहे, आणि व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. आपल्याकडे पाव किलो होती. ती खरोखरच तसली असती आणि शिपायाने “कॅरमची आहे” या शब्दावर विश्वास ठेवून गाडी सोडली असती, तर दुसऱ्या दिवशी त्याचे काय झाले असते? त्यामुळे त्या रात्री जेवढे आपण घाबरला होतात तेवढाच तोही घाबरलेला होता, हे लक्षात घ्या.

नळीतल्या चाचणीविषयी सांगतो. त्या संचात कोबाल्टचे एक रसायन असते. कोकेन असल्यास त्याला निळा रंग येतो. ही केवळ प्राथमिक खूण असते. जागा बधिर करण्यासाठी डॉक्टर वापरतात त्यांपैकी काही औषधेही तसाच निळा रंग दाखवतात, म्हणून रंग आला तरी शेवटचा शब्द न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा असतो, आणि आपली प्रयोगशाळा वेर्ण्याला आहे. आपल्याकडे रंग आला नाही, म्हणून प्रकरण नाक्यावरच मिटले. चुकून आला असता तर पंचनामा, जप्ती, नमुने असे सारे ओघाने आले असते आणि सव्वा तासावर भागले नसते.

आता वागायचे कसे, ते सांगतो. विचारण्याआधी खुलासा करू नये. विचारल्यावर एका वाक्यात करावा. पिशवीत स्वतः हात घालू नये, “तळाशी स्ट्रायकर आहेत, तेवढे बघा” असे सांगावे. आणि आईंना पुढल्या वेळी मागच्या काचेतून साक्ष देऊ नका म्हणून आधीच सांगून ठेवावे. झडती नको वाटल्यास राजपत्रित अधिकाऱ्यासमोर घ्या असे म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे, तोही लक्षात असू द्यावा.

पत्राविषयी माझे मत वेगळे आहे. शिक्क्याचे पत्र आज कोणीही छापून घेतो, आणि पावडरीबरोबर पावडरीचे पत्र बाळगणारा माणूस मला तरी अधिकच तयारीचा वाटला असता. त्यापेक्षा पावडर मूळ छापील डब्यात ठेवा. झिपच्या पिशवीत ती आलीच कशी?

काळा_कोट (मडगाव) :

वरील प्रतिसादातील व्यवहारज्ञानाबद्दल दुमत नाही, पण एक दुरुस्ती आवश्यक आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ५० खाली राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा जो हक्क आहे, तो अंगझडतीपुरता आहे. हातातली पिशवी, गाडी किंवा डिकी यांना तो लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका प्रकरणात पिशवीच्या बाबतीत हे स्पष्ट केले आहे. नाक्यावर “आधी राजपत्रित अधिकारी आणा, मगच डिकी उघडतो” असे कोणी म्हणाले तर कायदा त्याच्या बाजूने नसेल आणि रात्र मात्र वाढेल.

वाहन थांबवून त्याची झडती घेण्याचा अधिकार याच कायद्याच्या कलम ४९ मध्ये आहे आणि त्यासाठी संशयाला कारण असावे लागते. दुसऱ्या बाजूला, वाजवी कारण नसताना त्रास देण्याच्या हेतूने झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ५८ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या प्रकरणात हे कलम लावण्याजोगे मला काही दिसत नाही. पण अशी तरतूद आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून लिहिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करायचे असते. वस्तू खरोखरच जप्त होत असेल तर “चित्रीकरण होत आहे ना?” एवढेच शांतपणे विचारावे, पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये आणि यादीची प्रत मागून घ्यावी.

पुतण्याविषयीची आपली काळजी मात्र अगदी योग्य आहे, आणि माझ्या दृष्टीने आपल्या सगळ्या पत्रातला हाच सर्वांत गंभीर भाग आहे. या कायद्यात वस्तू आपल्या ताब्यात सापडली की आपल्याला तिची जाणीव होती असे न्यायालय गृहीत धरते, आणि ते तसे नव्हते हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. बोरिक पावडरीने कोणी तुरुंगात जाणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्या डिकीत कोणाचे काय पडले आहे हे चालवणाऱ्याला माहीत नसते, त्या डिकीत उद्या दुसऱ्या कोणी ठेवलेले दुसरे काहीही असू शकते. सामायिक गाडीची किल्ली घेताना पेट्रोलचा काटा पाहतो, तशी डिकीही उघडून पाहावी, असे मी माझ्या घरच्यांना सांगून ठेवले आहे. ते ऐकतात असे नाही.

पडद्यामागचा (डिचोली) :

आपल्या पावडरीला निदान नळीत घालून तपासता तरी येते. आमची हौशी नाटकमंडळी आहे. जत्रेच्या आणि उत्सवाच्या दिवसांत गावोगावी ऐतिहासिक व पौराणिक प्रयोग होतात, आणि मंडळींचे अर्धे सामान माझ्या गाडीच्या डिकीत वर्षभर मुक्कामाला असते. पत्र्याच्या सहा तलवारी, दोन लाकडी कट्यारी, थर्मोकोलवर सोनेरी कागद चिकटवलेली भीमाची गदा, असा तो संसार आहे. गदेने आजवर त्रास दिला नाही. तिला पाहून सगळे हसतात आणि एकदा तर एका पहारेकऱ्याने ती खांद्यावर घेऊन फोटोही काढून घेतला.

त्रास दिला तो हिरण्यकश्यपूने. नरसिंह त्याचे पोट फाडतो त्या प्रवेशासाठी आम्ही जुन्या धोतरांचे पीळ घालून, लाल रंगात बुडवून आतडी तयार केलेली आहेत. प्रयोगानंतर ती नीट वाळवायची असतात, पण त्या दिवशी घाई झाली आणि ती ओलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी डिकीत टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी पत्नीबरोबर खरेदीसाठी एका मोठ्या दुकानसंकुलात गेलो. तळघरातल्या वाहनतळावर जाण्यापूर्वी तिथे प्रत्येक गाडीची डिकी पाहतात. पहारेकरी परराज्यातला तरुण मुलगा होता, त्याने नरसिंहाचे नाटक कधी पाहिले असण्याचे कारण नव्हते. त्याने पिशवीची गाठ सोडली, आत पाहिले, आणि काहीही न बोलता चार पावले मागे गेला. मी घाईघाईने “नाटकातली आहेत, नाटकातली” असे म्हणत त्यातला एक पीळ बाहेर काढून दाखवला, आणि माझा तो हात मनगटापर्यंत लाल झाला. बाकीचे आपण कल्पनेने जाणावे. व्यवस्थापक आला तो सुदैवाने सांखळीचा निघाला. त्याने पिशवीकडे पाहून एकच प्रश्न विचारला, “नरसिंह कोण करता?”

तलवारींबाबत माझी एक शंका आहे. पत्र्याच्या असल्या तरी त्या लांब आहेत आणि दुरून खऱ्या दिसतात. काळा कोट यांनी याविषयी सांगावे.

काळा_कोट (मडगाव) :

शस्त्र कायदा १९५९ मध्ये शस्त्राची जी व्याख्या आहे तिच्यातून, खेळणे म्हणूनच ज्यांचा उपयोग होऊ शकतो आणि ज्यांचे चालणाऱ्या शस्त्रात रूपांतर करता येत नाही, अशा वस्तू स्पष्टपणे वगळल्या आहेत. काठी किंवा हातात धरायची साधी छडीही वगळलेली आहे. लाकडी कट्यार आणि थर्मोकोलची गदा यांच्याबद्दल त्यामुळे प्रश्नच उद्भवू नये. पत्र्याच्या तलवारीला धार नसावी, टोक गोल असावे आणि पाते हाताने वाकावे, एवढे पाहा. वाकणारे पाते वाकवून दाखवले की वाद बहुधा तिथेच संपतो. निवडणुकीच्या काळात किंवा शस्त्रे बाळगण्यास मनाईचा आदेश जारी असताना मात्र त्या डिकीत वर्षभर ठेवू नयेत, प्रयोगापुरत्या न्याव्यात. आपल्या आतड्यांविषयी कायदा मौन बाळगून आहे.

किनाऱ्यावरचा (म्हापसा) :

मी तरी क्लबाचे ओळखपत्र जवळ ठेवीन. नुकसान काय आहे?

गरीवाला (वास्को) :

मी सुटीच्या दिवशी खडपावर बसून गरवतो, म्हणजे गळाने मासे पकडतो, त्यामुळे माझ्या गाडीत शिशाची वजने, गऱ्या, तंगूस आणि आमिष कापण्याची सुरी कायम असते. वास्कोत राहायचे म्हणजे नौदलाचा परिसर शेजारी. दाबोळीचा विमानतळही नौदलाच्या हंसा तळावरच आहे. त्यामुळे इथे तपासणीचे कोणाला अप्रूप राहिलेले नाही. मी सगळे सामान झाकणाच्या एका पारदर्शक डब्यात ठेवतो. डबा उघडावाही लागत नाही. गळ दिसला की पाहणाऱ्याला बाकीचे आपोआप समजते. राणीकव्हर यांच्या पिशवीत स्ट्रायकर वर आणि पावडर खाली असती तर कदाचित पाच मिनिटांत काम झाले असते, असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र इथे कोणी लिहिलेली नाही. आपल्याला निरुपद्रवी वाटणारी प्रत्येक वस्तू कायद्याच्या दृष्टीने निरुपद्रवी असतेच असे नाही. डोंगर चढणारे किंवा लांब पल्ल्याचे धावणारे लोक उपग्रहावरून संदेश पाठवणारे हातात मावणारे यंत्र बाळगतात. परदेशात ते खेळाच्या दुकानात सहज मिळते. आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ते जवळ ठेवता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दाबोळी विमानतळावर एका परदेशी धावपटूला याच कारणावरून थांबवण्यात आले होते आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले होते. परदेशातला भाचा “मामा, ट्रेकला वापरा” म्हणून असे यंत्र देऊन गेला असेल तर ते गाडीच्या कप्प्यात ठेवून विसरू नका. तिथे “मी तर फक्त हौसेखातर” हे उत्तर चालत नाही, कारण वस्तूच मनाईतली आहे.

छर्ऱ्याच्या बंदुकीबाबतही तसेच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपेक्षा कमी जोराची असेल तर परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. डिकीत असेल तर पेटीत ठेवावी आणि खरेदीची पावती त्याच पेटीत असावी.

राणीकव्हर (फोंडा) :

सर्वांचे मनापासून आभार. नाकेदारकाका, तुमच्या प्रतिसादाचा पहिला परिच्छेद वाचून मी खरोखरच रागावलो होतो, मग आमच्या क्लबात ती पिशवी टेबलावर मांडून, काही न सांगता दोघा नवख्या मुलांना “हे काय असेल?” असे विचारले. दोघांनी जे उत्तर दिले ते इथे लिहीत नाही.

झिपच्या पिशवीचे कारण तुम्ही विचारले आहे, ते सांगतो. स्पर्धेत पावडर आयोजक देतात हे खरे; पण पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डब्यातली पावडर आपल्याकडच्या दमट हवेत गठ्ठे धरते, बोर्डावर ती पसरत नाही, रेघा उमटतात आणि स्ट्रायकर मध्येच अडखळतो. वर टांगलेल्या दिव्याच्या उबेने बोर्ड कोरडा राहतो, पावडरीचे तसे होत नाही. म्हणून मी घरी चाळून, हवाबंद पिशवीत भरून नेत असे. मूळ पुठ्ठ्याचा डबा पहिल्याच पावसात भिजून फुटला होता.

आता चाळलेली पावडर पुन्हा छापील प्लॅस्टिकच्या डब्यात भरली आहे आणि तो डबा, सोंगट्या, दोन्ही स्ट्रायकर हे सारे पारदर्शक झाकणाच्या एकाच पेटीत ठेवले आहे, स्ट्रायकर अगदी वर. काटा घरी कपाटात गेला. स्ट्रायकरचे वजन घरून निघतानाही करता येते, हे अठरा वर्षांत मला सुचले नव्हते. किनाऱ्यावरचा यांच्या सांगण्यावरून ओळखपत्र पाकिटात ठेवले आहे, नाकेदारकाका म्हणतात तसे पावडरीच्या जवळ ठेवलेले नाही. पुतण्याला किल्ली देताना डिकी उघडून दाखवली, तेव्हा स्टेपनीच्या खळग्यात त्याचाच एक बॅडमिंटनच्या फुलांचा डबा आणि कोणाचा तरी एक डावा बूट सापडला. बूट कोणाचा ते अजून कळलेले नाही.

जुना_नाकेदार (पेडणे) :

बूट आधी झटकून पाहा.